आपल्या सुरतेतले दादोबा पांडुरंग

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुम्ही इथे कधी आलात? कोणाचे आजोबा खानदेशातून कापडाच्या कामाला आले, कोणाच्या वडिलांची बदली झाली, कोणी स्वतःच उधन्याला उतरून लिंबायत-पांडेसऱ्याकडे खोली शोधली. आम्हां बहुतेकांची गोष्ट या दोन-तीन उत्तरांत मावते. पण आपल्या खूप आधी नोकरीसाठी इथे आलेल्या एका मराठी माणसाची आठवण आपल्या कार्यक्रमांत क्वचितच निघते. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

हे नाव वाचकांना अनोळखी नाही. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांना ओळखतात. वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, १८३६ साली, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पुढे कितीतरी पिढ्या नामे, सर्वनामे आणि विभक्ती त्याच वाटेने शिकल्या. मात्र त्यांच्या आयुष्यातला जो भाग आपल्या शहरात घडला, तो व्याकरणाचा नव्हता. तो धर्मावरच्या वादांचा होता. आणि त्या काळात धर्मावर लिहिणे म्हणजे घर, जात आणि नोकरी तिन्ही पणाला लावणे होते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे वैश्य, वातावरण वारकरी. घरी भजन-कीर्तन, पोथ्यांचे वाचन, पंढरीची ओढ. या संस्कारांचा त्यांनी कधी त्याग केला नाही. पुढे मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी यशोदापांडुरंगी ही टीका लिहिली आणि तिच्या नावात आपल्या आईवडिलांची नावे गुंफली. इंग्रजी शिकलेला, जुन्या रूढींना प्रश्न विचारणारा हा माणूस भक्तीच्या विरोधात कधीच नव्हता, ही गोष्ट आधीच ध्यानात ठेवायला हवी. नाहीतर पुढचे सारे चुकीचे समजते.

ते वाढले ती मुंबई वादांनी भरलेली होती. मिशनऱ्यांचे छापखाने लहान लहान मराठी पुस्तके काढून ती रस्त्यात, जत्रेत, शाळेत वाटत. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईत आले आणि त्यांनी हिंदू, पारशी, मुसलमान सर्वांनाच जाहीर वादाला बोलावले. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये हिंदुधर्मस्थापना हे पुस्तक लिहून उत्तर दिले, त्यावर विल्सननी पुस्तकच काढून प्रत्युत्तर केले. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेले. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री परळीकर या मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणल्यावर त्याला जातीत घ्यायचे की नाही, यावरून ब्राह्मणांतच तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना त्याचा त्रास सोसावा लागला.

दादोबांच्या स्वतःच्या घरातही लेखणी गप्प नव्हती. त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली बॉम्बे गॅझेट या इंग्रजी पत्रात कंपनी सरकारच्या लुटीवर जळजळीत पत्रे लिहिली. त्यांखाली आपले नाव मात्र घातले नाही. एक हिंदू एवढीच सही केली. ते न घातलेले नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्या गोष्टीकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

अशा मुंबईतून दादोबा १८४० नंतरच्या पहिल्या वर्षांत सुरतेला आले. सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षकाची नोकरी होती. तेव्हाचे सुरत थकलेले शहर होते. व्यापार मुंबईला गेला होता. १८३७ च्या आगीत हजारो घरे जळाली होती आणि त्याच वर्षी तापीच्या पुरानेही शहराला झोडपले होते. पण छापील कागद इथेही नवा नव्हता. लंडन मिशनचे लोक १८१५ पासून सुरतेत होते आणि त्यांच्या छापखान्यातून गुजरातीत बायबलची भाषांतरे व धर्मपुस्तिका निघत होत्या. सुरतेच्या चौकात उभा राहून हिंदू देवतांची निंदा करणारा पाद्री आणि त्याच्याभोवती जमलेली गर्दी, हे दृश्य नवे राहिले नव्हते.

इथेच त्यांना दुर्गाराम मंछाराम भेटले. सुरतेत ते दुर्गाराम मेहताजी म्हणूनच ओळखले जातात. मेहताजी म्हणजे शिक्षक. वडनगरा नागर ब्राह्मण, पक्के सुरती, मुंबईला जाऊन नव्या पद्धतीचे शिक्षण घेतलेले, सरकारी गुजराती शाळेचे गुरुजी. भूतपिशाच, मंत्रतंत्र, मुहूर्त, जातिभेद, विधवांचे हाल या सगळ्यांवर ते भर वर्गात बोलत. १८४२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी शिळाछापाचे यंत्र आणवले, म्हणजे छापण्याचे साधन आता फक्त पाद्र्यांच्या हाती राहिले नाही. एक मराठी शिक्षक आणि एक गुजराती शिक्षक. दोघांची मैत्री जमायला वेळ लागला नाही.

त्यांच्याबरोबर दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हेही होते. पाचही नावे द पासून सुरू होत, म्हणून त्यांना पाच दद्दा म्हणत. पाचांपैकी एक मराठी. आज आपण सुरती की महाराष्ट्रीय, असा प्रश्न आपल्या मुलांना पडतो, तेव्हा ही पाचांची गोष्ट आम्हांला सांगावीशी वाटते.

एका पारशी तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरून शहरात खळबळ उडालेली होती. धर्म बदलू पाहणाऱ्या मुलाला घरात कोंडणे किंवा पाद्र्याला शिव्या देणे, एवढाच उपाय बहुतेकांना सुचत होता. या मित्रांनी वेगळा विचार केला. आपल्याच धर्मात जे खोटे आहे ते आपणच उघड बोलून टाकावे आणि जे खरे आहे ते सर्व माणसांचे एकच आहे असे सांगावे. २२ जून १८४४ रोजी त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. जातीचे, पंथाचे किंवा देवाचे नाव न घेता केवळ माणसाचा धर्म असे नाव सभेला द्यावे, हे त्या काळी केवढे धाडस होते!

सभा दर रविवारी भरे आणि तिची दारे कोणालाही उघडी असत. शास्त्री यावा, पाद्री यावा, पारशी-मुसलमान यावा, नुसता गंमत पाहणाराही यावा. मांत्रिकांना आणि जादूगारांना तर सभेने जाहीर आव्हान दिले होते : तुमच्या मंत्राचा प्रभाव आमच्यासमोर दाखवा. सभेत काय बोलले गेले याच्या नोंदी दुर्गाराम ठेवत. त्यांतला काही भाग महीपतराम रूपराम नीळकंठ यांनी लिहिलेल्या दुर्गारामांच्या चरित्रात १८७९ साली छापला गेला, म्हणून तर आपल्याला आज हे कळते. सभा होऊन दोन महिने होतात न होतात तोच, ऑगस्ट १८४४ च्या अखेरीस, मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केल्याबद्दल सुरतेत दंगल उसळली, दुकाने बंद झाली आणि सरकारला तो कर काही प्रमाणात उतरवावा लागला. एकाच पावसाळ्यात या शहराने धर्मगुरूंना आणि सरकारला दोघांनाही प्रश्न विचारले.

या सगळ्याला जुना शेजार आहे, तोही सांगायला हवा. सुरतेत इंग्रजांची वखार १६१३ सालची. ते व्यापारी इथे नीळ आणि कापड खरेदी करत होते, त्याच काळात त्यांच्या मायदेशी राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले आणि धर्मावरच्या, राज्यकारभारावरच्या छोट्या चोपड्यांचा पूर आला. बिशप असावेत की नसावेत, राजाला देवाने नेमले की लोकांनी, बाप्तिस्मा केव्हा द्यावा, अशा प्रश्नांवर शिंपी, चांभार आणि शिपाईसुद्धा छापून बोलू लागले. लंडनच्या जॉर्ज टॉमसन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात असे सुमारे २२,००० कागद जमवले. ते आजही जपून ठेवलेले आहेत. १६४३ मध्ये पार्लमेंटने परवान्याशिवाय छापायला बंदी केली. त्याविरुद्ध कवी जॉन मिल्टनने १६४४ साली ॲरिओपॅजिटिका ही पुस्तिका काढली, तीही परवाना न घेता. तिच्यावर छापणाऱ्याचे नाव नव्हते, पण मिल्टनने स्वतःचे नाव मुखपृष्ठावर घातले होते. मानवधर्म सभा बरोबर २०० वर्षांनी भरली. ती मिल्टनला पाहून भरली असे आम्ही म्हणत नाही. पण छापखाना, धर्मातला वाद आणि नाव घालण्याची हिंमत हे तीन धागे दोन्हीकडे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

आता पुन्हा दादोबांकडे येऊ. सुरतेत असताना, १८४३ च्या सुमारास, त्यांनी धर्मविवेचन हे पुस्तक लिहिले. सभेच्या बोलण्यामागचा सगळा विचार त्यात आहे. भक्ती एका परमेश्वराचीच करावी. खरा धर्म प्रेमात आणि नीतीत असतो. आत्म्याचा धर्म सर्वांचा एकच. प्रत्येकाला विचार करण्याचे स्वातंत्र्य हवे. रोजचे बोलणे-वागणे बुद्धीला पटणारे असावे. सर्व माणसे एकाच जातीची. आणि खरे ज्ञान सर्वांना मिळाले पाहिजे. अशी सात तत्त्वे त्यांनी मांडली. वारकरी घरातल्या माणसाला यांतली निम्मी तरी तत्त्वे अभंगांतून आधीच ऐकू आली असतील. नवी गोष्ट एवढीच, की ती गाऊन सोडायची नसून रोजच्या जेवणाखाण्यात आणि लग्नकार्यात पाळायची होती.

पुस्तक लिहून झाले, पण छापले गेले नाही. १८४६ मध्ये दादोबांची बदली होऊन ते मुंबईला परतले आणि इथली सभा हळूहळू मंदावली. १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि ती बंदच पडली. मुंबईत दादोबांच्या विचारांनी १८४९ साली परमहंस सभा सुरू झाली. तत्त्वे तीच, पण एक फरक होता. ही सभा गुप्त होती. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. नव्या सभासदाला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे, म्हणजे जातीचे बंधन त्याने तोडले असे धरले जाई. पण हे सर्व बंद दाराआड. सभासदांची संख्या पुरेशी वाढली की मगच जगाला सांगायचे, असा बेत होता.

आम्हांला इथे नेहमी थांबावेसे वाटते. सुरतेत दार उघडे, मुंबईत दार बंद. माणूस तोच, मते तीच. मग असे का झाले? आमचा अंदाज आम्ही मांडतो. तो पटलाच पाहिजे असे नाही. सुरतेत दादोबा परके होते. इथे त्यांची भावकी नव्हती, जातीची पंचायत नव्हती, मुलीबहिणींची लग्ने जुळवायची नव्हती. परक्या गावात माणसाला बोलायला मोकळीक असते. मुंबईत मात्र प्रत्येक सभासदामागे आई होती, सासरे होते, सोयरीक होती. आपण गाव सोडून आलेली माणसे आहोत, त्यामुळे हा फरक आपल्याला पुस्तक न वाचताही कळतो. इथे आपण बिनधास्त करतो त्या किती गोष्टी गावी गेल्यावर झाकून ठेवतो, हे आपले आपल्यालाच ठाऊक असते.

पण हा अंदाज पुरेसाही नाही. दुर्गाराम तर सुरतेचेच होते. त्यांची भावकी, त्यांची ज्ञाती, सगळे इथेच. तरी ते उघड बोलले. आणि त्यांच्यावरही कसोटीची वेळ आलीच. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या मेहताजींची पत्नी वारली तेव्हा त्यांनी दुसरे लग्न विधवेशी न करता कुमारिकेशी केले. त्याबद्दल लोकांनी त्यांना बोल लावला आणि तो आजही लावला जातो. म्हणजे बोलण्यात एक धीट आणि दुसरा भित्रा, अशी सोपी वाटणी करता येत नाही. एकाने तोंड उघडे ठेवले पण घरात पाऊल मागे घेतले. दुसऱ्याने पाव खाण्यापर्यंत मजल मारणारी मंडळी घडवली पण नाव झाकले.

गुप्ततेने सभा वाचली नाही. १८६० मध्ये सभासदांची यादी कोणीतरी चोरली आणि ती फुटल्याचा बोभाटा झाला. नावे बाहेर पडताच घराघरांत रडारड झाली आणि सभा मोडली. जे लपवण्यासाठी एवढी काळजी घेतली होती, ते दुसऱ्यांच्या हातून उघडे पडले.

गंमत पाहा, त्याच वर्षी सुरतेशी संबंधित दुसरा वाद मुंबईत पेटत होता. सुरतेचे वैष्णव महाराज जदुनाथजी मुंबईत आले होते. त्यांच्याशी विधवाविवाहावर जाहीर वाद घालायला उभा राहिला तो कवी नर्मद, आपल्याच सुरतेचा आणि लहानपणी दुर्गाराम मेहताजींच्या शाळेत शिकलेला. करसनदास मुळजी यांनी २१ ऑक्टोबर १८६० च्या सत्यप्रकाश पत्रात महाराजांच्या अनाचारावर लेख छापला. महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला. १८६२ मध्ये खटला चालला आणि २२ एप्रिलला निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. करसनदासांनाही जातीचा, घराचा त्रास झाला. पण त्यांचे नाव कोणाला चोरून छापावे लागले नाही. ते पत्रावर आधीपासूनच होते. मेहताजींच्या वर्गात जे पेरले गेले, ते पुढच्या पिढीत असे उगवले.

दादोबा त्या वेळी सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यांवर गेले होते. अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. त्यांची लेखणीही थांबली नव्हती. विधवांच्या पुनर्विवाहाच्या बाजूने त्यांनी विधवाश्रुमार्जन हे पुस्तक १८५७ मध्ये लिहिले. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तो त्यांचे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने, आणि तो उघड होता, जाहीर होता. परमहंस सभेतले काही जण त्यात आले. एका भावाने जे मिटल्या दारामागे सुरू केले, ते दुसऱ्याने रस्त्यावरच्या दारातून आत आणले.

आणि मग, १८६८ साली, धर्मविवेचन छापून बाहेर पडले. सुरतेत लिहिलेल्या पानांना उजेड दिसायला २५ वर्षे लागली. तरीही पुस्तकावर दादोबांनी स्वतःचे नाव घातले नाही. व्याकरणावर ज्यांनी २२ व्या वर्षी अभिमानाने नाव छापले, त्यांना धर्मावरच्या पुस्तकावर ५४ व्या वर्षीही ते छापावेसे वाटले नाही. शब्दांच्या चुका दाखवणाऱ्याला समाज डोक्यावर घेतो. वागण्यातल्या चुका दाखवणाऱ्याला तो जेवायला बोलवत नाही. दादोबांनी ही दोन्ही माणसे एकाच देहात सांभाळली.

१८७८ मध्ये स्वीडनबोर्ग या युरोपीय तत्त्वज्ञाच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, १८८० मध्ये पारमहंसिक ब्राह्मधर्म हे मराठी पुस्तक काढले. म्हणजे सुरतेत पडलेला प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांचे अपुरे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले. ज्यांना जमेल त्यांनी ते मिळवून जरूर वाचावे.

कोणी विचारेल, ज्याने नाव लपवले त्याचे नाव आपण का घ्यायचे? आमचे उत्तर असे. दादोबा भित्रे होते म्हणून नाव लपवले, एवढे म्हणून मोकळे होणे आपल्याला परवडणारे नाही. आज लिहिणे आणि लोकांपुढे ठेवणे किती सोपे झाले आहे! तरी आपल्यापैकी किती जण जातीबाहेरच्या लग्नाबद्दल, घरातल्या विधवेच्या हळदीकुंकवाबद्दल, अंगात येणाऱ्या बाबांबद्दल आपल्या खऱ्या मताखाली स्वतःचे नाव घालतात? खासगीत सगळे पुढारलेले असतात. यादी फुटण्याची भीती मात्र आजही तशीच आहे.

म्हणून दादोबांच्या आयुष्यातून आम्ही सुरतेची ती थोडी वर्षे उचलतो. त्या वर्षांत त्यांनी दुसऱ्या भाषेच्या गावात, दुसऱ्या भाषेच्या मित्रांबरोबर, उघड्या दाराच्या सभेत आपले मत मांडले. मराठी माणसाने सुरतेला काय दिले आणि सुरतेने मराठी माणसाला काय दिले, या प्रश्नाचे इतके चांगले उत्तर आम्हांला दुसरे माहीत नाही. सुरतेने त्यांना मोकळेपणाने बोलायला जागा दिली. ती जागा आपल्यालाही मिळालेली आहे. पुढच्या वेळी आपल्या कार्यक्रमात दादोबांचे नाव निघाले, तर व्याकरणाबरोबर मानवधर्म सभेचेही नाव निघावे, आणि त्यांच्याबरोबर दुर्गाराम मेहताजींचेही. दोघे शिक्षक रविवारी शेजारी बसत होते. त्यांना आपण तरी वेगळे करू नये.